सिझेरियनची तारीख: ३७ आठवडे की ३९?

पहिल्या खेपेला बीपी वाढलं, वार (प्लॅसेंटा) अवेळी सुटली, बाळ आठवडेच्या आठवडे काचेत राहिलं किंवा हाती लागलंच नाही, अशा घरात पुन्हा दिवस राहिले की मागणी ठरलेली असते: या वेळी कळांची वाट नको, आधीच सिझेरियन करून मोकळं होऊ. मागणी समजण्यासारखी आहे. ‘आधी’ म्हणजे किती आधी, यावर मात्र वैद्यकाचं मत फिरत आलं आहे.

‘एकदा सिझेरियन, तर कायम सिझेरियन’ हे वाक्य १९१६ सालचं, न्यूयॉर्कमधलं. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत आणि पुढच्या खेपेला तो उसवण्याची धास्ती असे. पुढे खालच्या भागातला आडवा छेद रूढ झाला, टाके भरवशाचे झाले, आणि ते वाक्य सरसकट नियम राहिलं नाही.

खरा वाद तारखेचा. ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरले, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. घरच्यांच्या हिशेबातही नववा लागलेलाच असतो, त्यामुळे ३७-३८च्या सुमारास मुहूर्त काढून येणाऱ्यांना फारसं कुणी अडवत नसे. २००९ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. आधीच्या सिझेरियनमुळे पुन्हा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त ३९ आठवड्यांच्या आत उरकल्या होत्या, आणि ३७ आठवडे भरलेल्या बाळांना श्वासाचा त्रास, साखर उतरणं, अतिदक्षता विभागात ठेवावं लागणं हे सगळं ३९ भरलेल्यांपेक्षा अधिक होतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी शोषलं जाऊ लागतं. कळांआधी काढलेल्या बाळात ते राहू शकतं. २०१३ साली तिथल्या तज्ज्ञांनी ३७-३८ आठवडे वेगळे काढले आणि ३९ पासून पूर्ण दिवस धरले. मुहूर्तासाठी दोन आठवडे अलीकडे येण्याला त्यानंतर काही आधार उरला नाही, असं माझं मत.

अपवाद आहेत, आणि ते घाबरण्याच्या प्रमाणात नव्हे तर कारणाप्रमाणे ठरतात. आधीचा छेद उभा असेल किंवा पूर्वी गर्भाशय फाटलेलं असेल तर साधारण ३६ ते ३७ आठवडे. वार जुन्या टाक्यांत रुतली असेल तर ३४-३५. गेल्या वेळी फक्त बीपी होतं आणि या वेळी ते ताब्यात असेल, तर तेवढ्यावरून तारीख अलीकडे येत नाही. तिथे बीपीचा त्रास पुन्हा होण्याचा धोका कमी करायला १६ आठवड्यांच्या आत सुरू केलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन जास्त कामाची. आधीचं मूल पोटातच गेलेलं असेल तर प्रश्न अवघड. डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत शक्यतो ३९ लिहिलेलं असतं, पण आईची झोप उडालेली असते, तेव्हा डॉक्टर थोडं अलीकडे यायला तयार होतात.

मुंबईत आणखी एक अडचण. पहिलं बाळंतपण माहेरी, सातारा-रत्नागिरीकडे. दुसरं इथे परळला किंवा ठाण्याला. छेद कोणता होता हे तिकडच्या फाईलमध्ये लिहिलेलं, आणि फाईल आईच्या कपाटात. पोटावरचा व्रण आडवा असला तरी आतला आडवाच असेल असं नाही. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी नसेल तर आठवड्यांचा हिशेबही डळमळतो. सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने झालं, तेव्हा ही फाईल पुढे लाखो घरांत लागणार आहे.

बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांवरही मत बदललं. १९७२ पासून ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सिद्ध आहेत, आणि भारतात २४ ते ३४ आठवड्यांसाठी डेक्सामेथासोनचे चार डोस ठरलेले आहेत. ब्रिटनमध्ये २०१० साली ३९ आठवड्यांआधीच्या ठरवलेल्या सिझेरियनलाही ती द्या असं सांगितलं गेलं; २०२२ साली ३७ आठवड्यांनंतर सरसकट न देता आईशी बोलून ठरवा, अशी सूचना आली.