जपानमध्ये मेडल मिळालं की थेट खासदारकी? तसं नाहीये

फॉरवर्ड असा फिरतो: "जपानमध्ये ज्युदो-कुस्तीत मेडल आणणाऱ्या बाईला सरकार मानाने थेट संसदेत बसवतं."

असं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याकडे राष्ट्रपती वरच्या सभागृहात 12 जण नेमतात, त्यात खेळाडूही असतात, आणि जपानच्या वरच्या सभागृहात ज्युदो-कुस्तीतून आलेली माणसं खरंच दिसलीयेत. पण तिकडे नेमणूक हा प्रकारच नाही. त्यांच्या राज्यघटनेचं कलम 43 बघा, इंग्रजी भाषांतर ऑनलाइन फुकट मिळतं, दोन्ही सभागृहांत फक्त निवडून आलेले सदस्य असं सरळ लिहिलंय.

मग खेळाडूंना एवढं तिकीट का मिळतं? तर वरच्या सभागृहातल्या 248 पैकी 100 जागा पक्षांच्या देशभराच्या यादीतून भरतात, आणि 2001 पासून त्या मतपत्रिकेवर मतदार स्वतःच्या हाताने पक्षाचं किंवा यादीतल्या एखाद्या उमेदवाराचं नाव लिहितो, म्हणजे ऑलिम्पिकवालीचं नाव लिहिलं तरी मत पक्षाच्या खात्यात जातंच. पक्षाला असं लोकांच्या तोंडी असलेलं नाव हवंच असणार ना! पण वय किमान 30 लागतं, यादीतल्या प्रत्येक नावामागे 60 लाख येन डिपॉझिट, आणि स्वतःच्या नावाची मतं कमी पडली तर मेडल असो नसो, बाई सहसा यादीत खाली राहते आणि पडते.