संगणकाला मराठी कधीपासून येते?

आमच्या सोसायटीच्या कपाटात २००१ सालच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्ताची सीडी आहे. मध्यंतरी एका जुन्या ठरावासाठी ती फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरच्या चिन्हांची खिचडी. फाइल धडधाकट होती. ज्या फॉन्टमध्ये ती टंकली होती, तो मात्र आता कुणाकडेच नव्हता.

त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांची युक्ती एकच होती. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. दिसायला मराठी, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाकडचा मजकूर दुसऱ्याकडे वाचता येत नसे. शोध लागत नसे, नावांची यादी अकारविल्हे लावता येत नसे. छापखान्याचे काम भागले, कारण तिथे कागदावर उमटले की पुरे असते. घरच्या संगणकावर मात्र मजकूर साठवायचा असतो आणि पुढे कधीतरी शोधायचाही असतो.

खरे तर प्रमाण त्याआधीच तयार होते. भारतीय लिप्यांसाठीची इन्स्क्रिप्ट ही कळमांडणी, म्हणजे कीबोर्डवर कोणते अक्षर कुठल्या कळीवर याची रचना, १९८६ साली ठरली. मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, म्हणजे ‘काकू’ टंकताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. संगणकावर भारतीय लिप्या आणणारे, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढले. संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसे. १९९१ साली इस्की ही संकेतप्रणाली, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेत-क्रमांक देणारी पद्धत, भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांना एकाच पद्धतीने असे संकेत देणाऱ्या प्रमाणाची, पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातला देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतलेला होता. घरोघरच्या विंडोज ९५ आणि ९८ला मात्र यातले काही ठाऊक नव्हते, आणि घराघरांत संगणक शिरले ते नेमके त्याच वर्षांत. हाताशी जे होते ते लोकांनी वापरले. त्यांना दोष देता येत नाही.

विंडोज २००० आले आणि मराठी थेट ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली. सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट होता. तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी, कवी आणि सुलेखनकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्याच जोशींनी. पुढच्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीमध्येही ही सोय होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी एक चौकोन होता. त्यात खूण केली की संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. ती बहुतेकांकडे नसे. मग ‘कि’ची वेलांटी क-च्या पुढे जाऊन बसे, जोडाक्षरे पाय मोडून वेगळी उभी राहत, आणि माणूस म्हणे, ‘संगणकाला मराठी जमत नाही.’ माझ्या मते हा समज पसरवण्यात त्या एका रिकाम्या चौकोनाचा वाटा मोठा आहे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही खूण करायची गरजच उरली नाही. समज मात्र राहिला. आजही नवा संगणक घेतला की ‘मराठीचे सॉफ्टवेअर टाकून द्या’ असे दुकानदाराला सांगणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटते.

युनिकोडचा पाया घातला गेला तेव्हा मराठीच्या खास गरजा सगळ्याच ध्यानात घेतल्या गेल्या, असे नाही. ‘ॲ’चेच बघा. हिंदीसाठी ‘ऍ’ पहिल्यापासून होता, पण अ-वर चंद्र देणारा आपला ॲ युनिकोडमध्ये आला २००८ साली. तोवर लोक अ टंकून त्यावर वेगळा चंद्र चढवत. दिसायला दोन्ही सारखेच, आतले संकेत वेगळे. म्हणून नव्या पद्धतीने ‘ॲडव्होकेट’ शोधले की जुन्या फाइलमधला वकील सापडेलच असे नाही. दोन्ही तऱ्हांनी शोधून पाहावे लागते. २००९च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्थान दिले.

‘ऱ्य’चे नशीब बरे. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाची वर्दी द्यायची, हा फरक मराठीत अर्थाचाच फरक आहे. त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, अशी सोय युनिकोडने ठेवली आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. तीन ठोक्यांत ऱ्य. आठवडाभर सवय केली की बोटे आपोआप तिकडे वळतात.

इन्स्क्रिप्ट शिकायचे नसेल तर २०१९ सालच्या विंडोज १०च्या सुधारणेत उच्चारानुसार टंकायचा मराठी कीबोर्डही आला. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची, हवा तो कीबोर्ड निवडायचा, मग विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजीतून मराठीत आणि परत. फाइलचे नाव मराठीत ठेवा, ‘वीजबिल’ म्हणा, ‘सातबारा’ म्हणा, आणि त्याच नावाने शोधून बघा. सापडते.

सोसायटीचे ते इतिवृत्त मी आता छापील प्रतीवरून पुन्हा टंकतो आहे, युनिकोडमध्ये. नऊ पाने झाली, चार उरली आहेत.