दाणे संपवणं वेगळं, वाट अडवणं वेगळं

उंदरांच्या दोन जाती एकाच माळावर राहतात, मोठी वाढली की छोटी घटते, आणि लगेच लिहिलं जातं: ‘मोठीनं छोटीला हुसकावलं.’ हे वाक्य वाचून वाचून वीट आला. घट दिसली, एवढंच कळलं. ती कशानं झाली ते कुठे कळलं?

स्पर्धा दोन तऱ्हांची असते. त्यातली शोषण-स्पर्धा सगळ्यांना समजते. एकानं आधी बी खाल्लं किंवा बिळात भरलं, दुसऱ्याला उरलं नाही. दोघांची गाठही पडत नाही.

हस्तक्षेप-स्पर्धेत बी समोर पडलेलं असतं, पण दुसऱ्याच्या वावरामुळे तिथवर जाता येत नाही. त्यासाठी मारामारीच दिसायला हवी, असं मुळीच नाही. मृत समुद्राकाठच्या खडकांत साधा काटेरी उंदीर रात्री हिंडतो, सोनेरी दिवसा. साध्याला तिथून उचललं की सोनेरी रात्रीही बाहेर पडू लागतो.

खरी गफलत पुढे आहे. ‘मोठे काढले, छोटे वाढले, म्हणजे हस्तक्षेप सिद्ध.’ अजिबात नाही! अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स ब्राउन यांनी १९७७ मध्ये ५० बाय ५० मीटरच्या २४ तुकड्यांना जाळीचं कुंपण घातलं. काहींची दारं जेमतेम १.९ सेंटीमीटरची ठेवली: मागच्या पायांवर उड्या मारणारा मोठा कांगारू उंदीर अडतो, गालांच्या खिशांत बी भरणारा छोटा उंदीर सहज आत शिरतो. अशा तुकड्यांत बी खाणारे छोटे उंदीर, मोठे न अडवलेल्या तुकड्यांच्या मानानं, सुमारे साडेतीनपट झाले, तेही लगेच नव्हे, काही महिन्यांनी. स्पर्धा सिद्ध झाली. पण वाढ उरलेल्या दाण्यांमुळे की मोकळ्या झालेल्या वाटेमुळे, हे नुसतं काढून कळत नाही.

ते कळतं दाणे वाढवून. तिथल्याच काही तुकड्यांत जास्तीचं बी टाकलं, तेव्हा सगळ्यांत मोठा, शेपटीचं टोक पांढरं असलेला कांगारू उंदीर वाढला आणि त्याचे छोटे भाऊबंद, म्हणजे कांगारू उंदरांच्याच छोट्या जाती, घटले. दाण्यांचाच तुटवडा असता तर तेही वाढायला हवे होते. अन्न वाढूनही छोटा घटला, तर संशय हस्तक्षेपावर घ्यावा.

असा प्रयोग करताना बी एका ढिगात कधीही ओतू नये. ढिगाची राखण एकटा दांडगा उंदीर करू शकतो, म्हणजे एरवी नसलेली अडवणूक आपणच उभी करतो. बी तुकडाभर विखरून टाकावं, आणि नोंद दोन्हींची ठेवावी: त्याच रात्री कोण कुठे फिरला, आणि पुढच्या विणीनंतर किती उरले.