लक्ष दांडी का मारतं?

“सकाळी नऊला बसलो तो थेट जेवणालाच उठलो,” असं अभिमानाने सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. त्याचं शेवटच्या तासातलं काम दुसऱ्या कुणी तरी तपासावं, ही माझी नम्र सूचना.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलापुढे हाच प्रश्न होता. रडारच्या पडद्यावर पाणबुडीची खूण क्वचितच उमटायची, आणि पहारा लांबला की नेमकी तीच नजरेतून निसटायची. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने मग एक घड्याळ केलं. कोरी तबकडी, एकच काटा, दर सेकंदाला एक पाऊल. मधूनच काटा दुप्पट उडी घेई. ती दिसली की बटण दाबायचं. असं दोन तास. 1948 मध्ये छापलेले त्याचे आकडे बोलके आहेत. पहिल्या अर्ध्या तासात सुमारे 15 टक्के उड्या हुकल्या, पुढच्या अर्ध्या तासात चौथ्या हिश्शाहून जास्त. पण मध्येच फोनवरून “जरा आणखी नीट करा” एवढा निरोप दिला, तर कामगिरी पुन्हा सुधारायची! लक्ष म्हणजे वापरून संपणारं इंधन, असं मानणारे बरेच आहेत. पण मेंदूची टाकी रिकामी झाली असती, तर ती निरोपाने कशी भरली?

इथे मला 1804 सालचा स्विस डॉक्टर त्रॉक्सलर आठवतो. कागदावर मधोमध ठिपका काढा, कडेला फिकट डाग. ठिपक्यावर नजर रोखली की काही सेकंदांत डाग पुसला जातो. चेतापेशी बदलाला दाद देतात. तेच ते चित्र त्याच पेशींवर पडत राहिलं की त्या गप्प होतात. एरवी डोळे सतत सूक्ष्म थरथरतात म्हणून जग टिकून दिसतं. (त्राटक करताना ‘भोवतालचं जग विरून गेलं’ हा साक्षात्कार बहुधा एवढाच असतो.)

इलिनॉय विद्यापीठातल्या आरिगा आणि येरास यांचा तर्क असा की उद्दिष्टाचंही तसंच होतं. ‘चुका शोधायच्यात’ हा विचार सलग धरून ठेवला की तोच विरतो. 2011 च्या त्यांच्या प्रयोगात पडद्यावरच्या रेघांमधून आखूड रेघ हेरायची होती, बराच वेळ सलग. ज्या गटाला मध्ये दोनदा, आधी पाठ केलेल्या आकड्यांबद्दल क्षणभर विचारलं, त्याचं लक्ष घसरलं नाही, बाकीच्यांचं घसरलं. टाकीवाल्यांनी अजून हार मानलेली नाही, पण मला हा तर्क पटतो.

म्हणून मिनिटभराची सुट्टी खरी हवी. खिडकीशी उभं राहून दहा श्वास मोजावेत, समोरच्या बांधकामाची ठकठक ऐकावी. रील्समध्ये मिनिटाचा अर्धा तास होतो, म्हणून ते नकोत. 25 मिनिटं काम, मग छोटी सुट्टी, असा टोमॅटो-टायमर लावायचा तर लावा, त्या आकड्यात जादू नाही.

रात्री चारच तास झोप झाली असेल, तर मात्र खिडकी कामाची नाही. तिथे अॅडेनोसिनचा, म्हणजे जागेपणी मेंदूत साठत जाऊन झोप आणणाऱ्या रसायनाचा, अंमल असतो, आणि त्यावर उतारा डुलकीचाच.