दाखवायचा सिनेमा आणि तपासायचा सिनेमा

दसऱ्याच्या आठवड्यात सांगलीतल्या कोणत्याही मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात गेले, तरी भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर साधारण एकाच जातीची दृश्ये चालू असतात. काळ्याभोर पार्श्वभूमीवर संथपणे ओघळणारा मध, पाण्याचे थेंब अंगावर घेतलेले फूल, सावकाश पंख पसरणारा लाल-निळा मकाव पोपट. "फोर-के आहे साहेब, पीस न् पीस मोजून घ्या," असे विक्रेता सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो. मात्र तोच टीव्ही घरी आल्यावर रात्री एखाद्या मालिकेतला अंधारा प्रसंग लागतो, तेव्हा काळ्या भागात राखाडी चौकोन वळवळू लागतात, संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात आणि घरातली मंडळी केबलवाल्यापासून टीव्ही बनवणाऱ्यापर्यंत सर्वांचा उद्धार करतात. या सगळ्याच्या मुळाशी एक घट्ट रुजलेला समज आहे: पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक बिंदू, जितके जास्त, तितके चित्र चांगले.

पिक्सेलचा हिशेब आधी उरकून घेऊ. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू असतात; फोर-के चित्रात त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनात असलेले दोन बिंदू कसेबसे वेगळे दिसतात. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर असते, त्यामुळे त्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल अर्धा मिलिमीटर भरतो, आणि अर्धा मिलिमीटर हे अंतर तेवढा कोन करते ते १.७ मीटरवरून, म्हणजे साधारण साडेपाच फुटांवरून. ५५ इंची टीव्हीसाठी हेच अंतर सुमारे सात फूट येते. आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये आठ-दहा फूट सहज असतात. तिथून पाहणाऱ्याला फोर-केचे जादा पिक्सेल दिसण्याची शक्यता फारच कमी. दुकानात ते दिसतात, कारण तिथे आपण पडद्याला नाक लावून उभे असतो.

खरा प्रश्न निराळा आहे. त्या पिक्सेलांपर्यंत दर सेकंदाला किती माहिती पोहोचते? ही माहिती बिटांत, म्हणजे शून्य-एकांच्या संख्येत, मोजतात. फोर-के चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी), दहा बिटांच्या अचूकतेने आणि रंगाचा तपशील आधीच एक चतुर्थांश करून साठवायचा म्हटले, तरी दर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट लागतात. इंटरनेटवरून घरी येणाऱ्या फोर-के चित्रपटाला त्यातले दीड-दोन कोटी बिट मिळतात. याचा अर्थ दोनशे भागांतला जेमतेम एक भाग घरी येतो आणि बाकीचे १९९ वाटेतच गाळलेले असतात. याउलट २००६ साली बाजारात आलेल्या साध्या ब्लू-रे तबकडीवर फुल एचडी चित्रपट असतो. त्याचे मूळ सुमारे ६० कोटी बिट आणि तबकडीवर त्यातले तीन कोटी, म्हणजे वीस भागांतला एक. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे माहिती गाळून आटोपशीर करण्याच्या, नव्या पद्धती जुन्यांपेक्षा बऱ्याच हुशार आहेत हे मान्य करूनही, चांगल्या एचडी तबकडीपुढे फोर-केचा शिक्का मारलेले चित्र कधी कधी फिके का पडते, ते या दोन आकड्यांवरून कळावे.

आता हे गाळणे होते कसे? माझ्या मते आधुनिक गणिताच्या उपयोजनातील ही अतिशय देखणी गोष्ट आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी बंगळुरात १९४० साली जन्मलेले नासिर अहमद आहेत. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी १९७२ साली एका गणिती रूपांतराच्या संशोधनासाठी निधी मागितला. कल्पना फारच साधी आहे, असे ठरवून तो नाकारण्यात आला. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या नावाने ओळखले जाणारे ते रूपांतर, किंवा त्याची पूर्णांकांत बसवलेली भावंडे, आज आपल्या फोनमधल्या जेपीजी छायाचित्रांत, डीव्हीडीत, ब्लू-रेत आणि जवळपास प्रत्येक ऑनलाइन व्हिडिओत काम करत असतात.

कल्पना अशी. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातली ६४ प्रकाशमूल्ये जशीच्या तशी न लिहिता, तो चौकोन ६४ ठरावीक नक्ष्यांच्या बेरजेने बनला आहे असे मानायचे. पहिली नक्षी पूर्ण सपाट, पुढच्या हळूहळू चढ-उताराच्या, आणि शेवटच्या बारीक चौकड्यांच्या. कोणती नक्षी किती प्रमाणात घ्यावी लागते, तो आकडा म्हणजे तिचा गुणांक. रक्कम पाचशेच्या, शंभराच्या नोटांत आणि सुट्ट्या नाण्यांत मोडावी तसा हा प्रकार आहे. इथवर काहीच गमावलेले नसते. गमावणे पुढच्या पायरीत होते: प्रत्येक गुणांकाला एका संख्येने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात आणतात, आणि चिल्लर फेकून दिली जाते.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. सोयीसाठी चौकोनाऐवजी आठ पिक्सेलची एकच ओळ घेऊ. संध्याकाळच्या आकाशाचा एक तुकडा, डावीकडून उजवीकडे किंचित उजळत जाणारा: १००, १०१, १०२, असे करत १०७ पर्यंत. या ओळीचे रूपांतर केले की आठ गुणांक मिळतात: २९२.७, उणे ६.४, ०, उणे ०.७, ०, उणे ०.२, ०, आणि शेवटचा जवळजवळ शून्य. सारी माहिती पहिल्या दोन आकड्यांत येऊन बसली. अहमद यांच्या रूपांतराची खरी करामत हीच. आता बिटांची चणचण आहे म्हणून सर्व गुणांकांना १६ ने भागा. पहिला १८.३ येतो, त्याचे १८ होतात. दुसरा उणे ०.४ येतो, त्याचे शून्य होते. टीव्हीने उलट गणित करायचे तर त्याच्या हाती १८ गुणिले १६, म्हणजे २८८ एवढी एकच संख्या उरते आणि तिच्यातून आठही पिक्सेलना सारखेच मूल्य मिळते: १०२. उजळत जाणारा उतार सपाट झाला.

शेजारची ओळ १०८ ते ११५ अशी असेल. तिचा पहिला गुणांक ३१५.४, सोळाने भागल्यावर १९.७, पूर्णांकात २०, आणि उलट गणितात आठही पिक्सेल ११३. मूळ आकाशात या दोन तुकड्यांच्या सीमेवर फक्त एका पायरीचा फरक होता. पडद्यावर तो अकरा पायऱ्यांचा झाला. आकाशात दिसतो तो पट्टा हाच, आणि अंधारात वळवळणारे चौकोन म्हणजेही हीच चिल्लर फेकल्याची खूण. आजच्या पद्धतींत चौकोन चार पिक्सेलपासून ३२ पिक्सेलपर्यंत लहानमोठे घेता येतात, सीमेवरची धार घासून बोथट करणारी गाळणीही असते, तरी बिट कमी पडले की मूळ रोग डोके वर काढतोच. अंधारात तो अधिक दिसतो, कारण आठ बिटांच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या वापरलेल्या असतात आणि अंधाऱ्या प्रसंगाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. शिवाय काळोखात कोण बघतो आहे, अशा हिशेबाने कॉम्प्रेशन तिथे सर्वाधिक काटकसर करते, आणि आपण मात्र दिवे मालवून, टीव्हीचा उजेड वाढवून, नेमके तिथेच बघत बसतो.

दुसरी बचत काळाच्या दिशेने होते. प्रत्येक चौकट पूर्ण पाठवत नाहीत. मागच्या चौकटीतला कोणता तुकडा किती सरकला एवढेच सांगतात आणि उरलेला फरक वरच्या पद्धतीने जोडतात. कासच्या पठारावर सप्टेंबरात कॅमेरा सावकाश फिरवला, तर हजारो फुले दिसत असूनही काम सोपे असते, कारण सगळे एकाच बाजूला सरकते. पौषात कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते, तिथे काय होते पाहा. "येळकोट येळकोट" म्हणत हजारो हात एकदम वर जातात, भंडारा उधळला जातो आणि हवेत हळदीचा प्रत्येक कण आपल्या मर्जीने फिरतो. मध्ये खोबऱ्याचे तुकडे निराळ्याच वेगाने पडत असतात. मागच्या चौकटीत जुळणारा तुकडा सापडतच नाही. सगळे नव्याने लिहावे लागते, बिट अपुरे पडतात, आणि त्या पिवळ्या ढगाचे पडद्यावर पिवळे ठिगळ होते. रंगाचा तपशील चार पिक्सेलना मिळून एकच ठेवलेला असल्यामुळे पिवळ्या-लालाच्या कडा आणखी विरघळतात. ठोसेघरचा धबधबा, मुसळधार पाऊस, ज्वाळा, ही सगळी याच जातीची अवघड दृश्ये आहेत.

आता दुकानातला मकाव आठवा. काळी, स्थिर पार्श्वभूमी, भरपूर प्रकाश, संथ हालचाल, आणि पेनड्राइव्हवरून मिळणारे मुबलक बिट. टीव्हीची परीक्षा घ्यायची सोडून त्याला शंभर गुण देणारा हा पेपर आहे. म्हणून मिरवण्याचे चित्रपट आणि तपासण्याचे चित्रपट वेगळे ठेवावेत, असे माझे मत आहे.

मिरवायचे असेल, तर 'बराका' या १९९२ च्या संवादविरहित चित्रपटाला तोड नाही. तो ७० मिलिमीटर पद्धतीने चित्रित झाला होता आणि २००८ च्या ब्लू-रे आवृत्तीसाठी त्याची फिल्म आठ-के तपशिलाने स्कॅन करण्यात आली. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा या फिल्मवरच्या प्रतिमेचे क्षेत्रफळ कितीतरी मोठे असते, त्यामुळे दाणा, म्हणजे फिल्मवरच्या रसायनाचे कण, बारीक दिसतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' १९६२ चा असूनही याच कारणाने आजच्या पडद्यावर थक्क करतो. त्यातला वाळवंटाचा पोत पाहिला, की जुना चित्रपट म्हणजे अंधुक चित्र हा समज मोडीत निघतो. चित्रपट अंधुक नव्हता, आपल्यापर्यंत आलेली कॅसेट अंधुक होती.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' हे उलट टोकाचे उदाहरण आहे. फोर-के तबकडी म्हणून विकल्या जाणाऱ्या या २०१५ च्या चित्रपटाची अंतिम प्रत टू-केमध्येच, म्हणजे साधारण फुल एचडीइतक्याच तपशिलात, तयार झाली होती. तरीही प्रात्यक्षिकासाठी तो हमखास लावला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यातली जान पिक्सेलसंख्येत नसून गडद आणि झगझगीत यांच्यातल्या अंतरात आणि रंगांच्या भरगच्चपणात आहे. दहा फुटांवरून डोळ्याला तेच दिसते.

तपासण्यासाठी 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा 'द लाँग नाइट' हा एप्रिल २०१९ मधला भाग घ्यावा. रात्रीची लढाई, धुके, बर्फ आणि दूरवरच्या मशाली. कॉम्प्रेशनला नको असलेली प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी. काही दिसलेच नाही, अशी तेव्हा जगभर ओरड झाली आणि छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी प्रेक्षकांच्या टीव्हीच्या सेटिंग्जकडे बोट दाखवले. माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या होत्या. हा भाग टीव्हीच्या भडक रंगांच्या 'व्हिव्हिड' मोडमध्ये लावा, मग 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडमध्ये लावा. धुक्यातले पट्टे पहिल्यात किती ठळक होतात, ते लगेच कळेल. हालचालीसाठी 'जेमिनी मॅन' पाहावा. सेकंदाला १२० चौकटींनी चित्रित झालेला हा २०१९ चा चित्रपट फोर-के तबकडीवर ६० चौकटींनी मिळतो. तो पाहून इतर चित्रपटही तसेच गुळगुळीत करून घेण्याचा मोह होईल, पण टीव्हीतली ती सोय बंदच ठेवावी. २४ चौकटींच्या मध्ये टीव्हीने अंदाजाने घुसडलेल्या चौकटींमुळे भारदस्त चित्रपटसुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो.

याच दुकानांत सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल हजारो रुपयांना गळ्यात मारली जाते, त्याविषयीही सांगायला हवे. सोने गंजत नाही, एवढाच त्या मुलाम्याचा उपयोग. केबलमधून शून्य आणि एक जातात. ते पोहोचले तर चित्र संपूर्ण येते, वाटेत चुकले तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो, पण रंग "जरा अधिक खुलले" असे होण्याला वाव नाही. टीव्ही आग्नेयेलाच लावावा हा वास्तुवाल्यांचा आग्रहही त्याच पंक्तीतला. आग्नेयेच्या भिंतीसमोर खिडकी असेल, तर अंधाऱ्या प्रसंगात नायकाऐवजी समोरच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसतील.

सर्वात कठीण परीक्षा मात्र जुन्या कृष्णधवल चित्रपटाची असते. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळली होती; तिच्यातला वाचलेला भाग आणि इतर प्रती यांच्यापासून तयार झालेली फोर-के आवृत्ती २०१५ मध्ये लोकांपुढे आली. तिच्यात फिल्मचा दाणा राखलेला आहे. हा दाणा प्रत्येक चौकटीत नव्याने विखुरलेला असतो, कशाशीच जुळत नाही, आणि त्याचे गुणांक बारीक नक्ष्यांत पडत असल्यामुळे चिल्लरीत सर्वप्रथम तोच फेकला जातो. मग चेहरे मेणाचे दिसू लागतात. यावर एव्ही१ या २०१८ च्या कॉम्प्रेशन पद्धतीत एक युक्ती आहे: पाठवण्यापूर्वी दाणा पुसून टाकायचा, तो कसा होता याचे मोजके आकडे सोबत द्यायचे, आणि घरच्या टीव्हीने त्यांवरून नवा दाणा तयार करून चित्रावर पेरायचा. डोळ्याला फरक कळत नाही आणि बिटांची बचत भरपूर होते. आजच्या वेबमालिकेसाठी मला ही तडजोड मंजूर आहे. 'पथेर पांचाली'चे छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी टिपलेल्या, त्यातल्या निश्चिंदिपूर गावाच्या आकाशावर मात्र टीव्हीने बनवलेले कण नकोत, तिथे तबकडीच हवी.