धांडा, देठ आणि स्ट्रॉ : मुलांच्या हस्तकलेमागचा इतिहास

१ जुलै २०२२ला एकदाच वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि त्या यादीत स्ट्रॉही होता. महाराष्ट्राने तर मार्च २०१८च्या अधिसूचनेतच त्याचं नाव घातलं होतं. मुलांकडून रंगीत स्ट्रॉची तोरणं, माळा, घरं करून घेणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना तेव्हापासून आता काय वापरायचं हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर जुनं आहे, आणि खान्देशात तर ते बांधावरच उभं आहे.

नळीने पिण्याची रीत फार प्राचीन. मेसोपोटेमियातल्या उर इथे राणी पुआबीच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनात मौल्यवान पिण्याच्या नळ्या सापडल्या. मात्र सामान्य माणसाची नळी म्हणजे धान्याचं पोकळ काड. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात राय नावाच्या धान्याचं (आपली मोहरी नव्हे, गव्हाच्या जातीचं एक धान्य) काड वापरत. ते पेयात भिजून लगदा व्हायचं आणि पेयाला गवताची चव यायची. वॉशिंग्टनच्या मार्विन स्टोनने पेन्सिलीभोवती कागदाची पट्टी तिरकी गुंडाळली, गोंदाने चिकटवली आणि पेन्सिल काढून घेतली. पुढे त्याने मेणाचा थर दिलेला मनिला कागद वापरला. ३ जानेवारी १८८८ला त्याला पेटंट मिळालं. मान वाकवता येणारा स्ट्रॉ जोसेफ फ्रीडमनचा, १९३७चा. उंच ग्लासातला मिल्कशेक पिताना लहान मुलीची तारांबळ उडालेली बघून त्याने कागदी नळीत स्क्रू घातला, बाहेरून दोरा आवळून घड्या पाडल्या आणि स्क्रू काढला. प्लास्टिक पसरलं ते १९६०च्या दशकात.

स्टोनची कृती मला मुद्दाम सांगाविशी वाटते, कारण ती पहिलीतल्या मुलालाही जमते. जुन्या वहीच्या पानाची दोन बोटं रुंद पट्टी, पेन्सिल आणि कणकेची खळ एवढं असलं की पुरे. नळी वाळली की कात्रीने तुकडे करायचे, खडूने रंगवायचे, दोऱ्यात ओवायचे. खान्देशातल्या मुलींच्या गुलाबाईच्या सणात मखराला असली माळ छान शोभते.

लहान मुलांनी नळ्या ओवाव्यात हा विचारही जुनाच. फ्रीड्रिश फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत ब्लांकेनबुर्गला आपलं बालशिक्षणाचं काम सुरू केलं. भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून चौकोन, घर, खुर्ची करणं हे त्याच्या हस्तव्यवसायांपैकी एक. त्याच्या परंपरेतल्या बालवाड्यांत काडाचे तुकडे आणि कागदी चकत्या आळीपाळीने ओवायला देत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला, मग कोसबाडला, बिया, शिंपले, पानं अशा परिसरातल्याच वस्तूंवर बालवाडी उभी केली. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे वाक्य कार्यानुभवाच्या तासाला घासून गुळगुळीत झालं असलं, तरी त्यामागे ही मोठी माणसं आहेत. म्हणूनच कार्यानुभवासाठी दुकानातून नव्या स्ट्रॉचं पाकीट आणायला सांगणं मला पटत नाही.

खान्देशने तर हा विचार फार मोठ्या आकारात पाहिला आहे. डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. तिथली सजावट चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होती. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे त्यांनी बांबू आणि गावात मिळणारं साहित्य घेऊन, गावच्या कारागिरांना हाताशी धरून ती उभारली.

सातपुड्यापलीकडे, भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरच्या होशंगाबाद भागात १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. १९७८मध्ये अरविंद गुप्ता तिथे काम करायला गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी तुकडे करून सांधा म्हणून वापरायची आणि त्यात काडेपेटीच्या काड्या खोचायच्या, ही त्यांची युक्ती. चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराची कैची त्रिकोणीच का, हे मुलाला तिथेच कळतं. स्ट्रॉचीही कितीतरी खेळणी त्यांनी लोकप्रिय केली. स्ट्रॉच्या मध्यातून झाडूची काडी आरपार घालायची, दोन्ही बाजूंना अर्धवट काप देऊन त्रिकोण करायचा, टोकं चिकटवायची. खालचं टोक पाण्यात बुडवून काडी फिरवली की पाणी वर चढून कापांतून भिरभिर उडतं. विहिरीवरचा सेंट्रीफ्युगल पंप याच तत्त्वावर पाणी ओढतो. केळीच्या मुलखातल्या पोरांना हे दाखवलं की ती पंपाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आता बांधावरचं साहित्य. ज्वारीचा धांडा (वाळलेलं खोड) सोलला की आत पांढरा हलका गाभा निघतो. त्याचे तुकडे आणि सालीच्याच टोकदार पट्ट्या यांवर बैलगाडी उभी राहते, चष्मा होतो. सांधा खोचून करायचा, गोंद लागत नाही. होशंगाबादच्या काड्यांचंही तेच. पट्टीची धार मात्र बोट कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनी करावं.

शहादा तालुक्यात पपईच्या बागा अमाप. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ आणि चांगला लांब, त्यामुळे साबणाचे फुगे काढायला तो उत्तम. चीक अंगाला खाजतो, तेव्हा देठ आधी धुऊन घ्यावा. पिपाणीसाठी मात्र कागदी नळीच घ्या. तिचं एक टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, की सनईच्या पत्तीसारखी जीभ तयार होते. ओठात धरून जोराने फुंकायचं. वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून थोडं थोडं कापत गेलं की सूर चढत जातो. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती नळीचे बारीक तुकडे देऊ नयेत, ती ते गिळतात.

दादर (रब्बीची ज्वारी) काढून झाली की उन्हाळ्याच्या तोंडाला कडबा घरी येतो, म्हणजे धांड्याच्या बैलगाड्यांचा हंगाम तो. पपईची पानं वर्षभर गळतात, पण वाळलेला देठ आकसतो आणि चिरतो. फुग्यांसाठी तो ताजाच घ्यावा आणि त्याच दिवशी वापरून टाकावा.