टेबटच्या शेतातल्या वेधशाळा

सिडनीपासून 50-60 किलोमीटरवर, हॉक्सबरी नदीकाठच्या विंडसर गावात विटांच्या दोन बुटक्या वेधशाळा आहेत. त्या बांधल्या जॉन टेबट या शेतकऱ्याने, स्वतःच्या खर्चाने.

टेबटचा जन्म इथलाच, 1834 चा. न्यू साउथ वेल्स तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. 13 मे 1861 च्या रात्री साध्या जहाजी दुर्बिणीतून आकाश न्याहाळताना त्याला एक अंधूक ठिपका दिसला. नकाशात तिथे काहीच नव्हते. पुढचे काही दिवस नेटाने वेध घेतल्यावर तो किंचित सरकलेला आढळला, आणि तो धूमकेतू असल्याची खात्री पटली. पण युरोपला कळवायचे कसे? समुद्रापारची तार ऑस्ट्रेलियात पोचली 1872 मध्ये. तोवर सगळा भरवसा जहाजी टपालावर. टेबटचे टपाल पोचण्याआधीच, जूनच्या अखेरीस, धूमकेतू उत्तर गोलार्धात अचानक झळकला आणि तिकडचे लोक चकित झाले. त्याच सुमारास पृथ्वी त्याच्या शेपटीतून गेली असावी असे मानतात.

पुढच्याच वर्षी टेबटला सरकारी खगोलशास्त्रज्ञाचे पद देऊ केले गेले. त्याने ते नाकारले. माझ्या मते पुढची सगळी कहाणी त्या नकारातून निघते. सरकारी वेधशाळा सिडनीच्या टेकडीवर राहिली आणि हा गडी शेतावर. 1863 मध्ये त्याने वडिलांच्या घराशेजारी स्वतःच्या हातांनी छोटी लाकडी वेधशाळा उभारली. 1872 मध्ये साडेचार इंची (म्हणजे तेवढ्या व्यासाच्या भिंगाची) दुर्बीण आली, 1879 मध्ये विटांची इमारत झाली. 1881 मध्ये त्याला दुसरा मोठा धूमकेतू सापडला. 1886 मध्ये त्याने आठ इंची दुर्बीण घेतली, तीही वापरलेली. तिच्यासाठी दुसरी पक्की इमारत 1894 ची. आज उभ्या आहेत त्या या दोन. जुन्या लाकडी बांधकामाच्या जागी आता कल्पनाच करावी लागते.

जागाही निवांत नव्हती. एकीकडे हॉक्सबरी, दुसरीकडे साउथ क्रीक हा ओढा. जून 1867 च्या महापुरात विंडसरला पाणी 19 मीटरच्या वर चढले होते. पाऊस आणि पूर यांच्या नोंदीही टेबट ठेवत असे.

1905 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला जॅक्सन-ग्विल्ट पदक दिले. 1916 मध्ये तो वारला. 1984 साली निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. त्या आधी 1973 मध्ये चंद्रावरच्या एका विवराला टेबटचे नाव मिळाले होते.